विश्लेषण : तीस वर्षांपूर्वीच्या ‘डूम’सारखे गेम आज पुन्हा का बनत आहेत?

मोठाले चौकोनी पिक्सेल, ओबडधोबड भिंती आणि सुसाट पळणारा नायक. पाहताक्षणी १९९०च्या दशकातला वाटणारा गेम प्रत्यक्षात २०१८ किंवा २०२४ मधला निघतो. ‘बूमर शूटर’ नावाचा हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. त्यामागे जुन्या आठवणी आहेतच, पण १९९७ मध्ये घेतलेला एक निर्णयही आहे.

‘बूमर शूटर’ म्हणजे काय?

फर्स्ट-पर्सन शूटरमध्ये नायक पडद्यावर दिसत नाही. त्याच्या नजरेतून दिसणारे जग आणि हातातली बंदूक तेवढी दिसते. अमेरिकेतील ‘आयडी सॉफ्टवेअर’च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ (१९९२), ‘डूम’ (१९९३) आणि ‘क्वेक’ (१९९६) या गेमनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्याच धाटणीचे नवे गेम म्हणजे ‘बूमर शूटर’. ‘बूमर’ हा जुन्या पिढीला थट्टेने मारलेला टोमणा. तोच पुढे नाव म्हणून चिकटला.

खेळताना फरक काय जाणवतो?

नंतरच्या अनेक शूटर गेममध्ये गोळी लागली की आडोशाला बसायचे. थोड्या वेळाने नायक आपोआप ठणठणीत होतो. ‘डूम’मध्ये अशी सवलत नाही. औषधाची पेटी शोधावी लागते, रंगीत किल्ल्या मिळवून दारे उघडावी लागतात, भिंतींमागच्या गुप्त खोल्या हुडकाव्या लागतात. आडोशापेक्षा वेग महत्त्वाचा. थांबला तो संपला!

ग्राफिक्स मुद्दाम जुने का?

‘डूम’च्या काळात तो नाइलाज होता. संगणकांची ताकद तोकडी होती. ‘डूम’चा नकाशा मुळात सपाट असल्याने एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नसे. शत्रूही वेगवेगळ्या कोनांतून दिसणारी सपाट चित्रेच होती. आज तीच शैली लहान निर्मात्यांच्या पथ्यावर पडते. हुबेहूब चेहरे आणि शहरे घडवायला मोठी फौज लागते. साध्या रूपातला गेम मोजकी माणसेही पूर्ण करू शकतात. डेव्हिड शिमान्स्की यांचा ‘डस्क’ हे त्याचे ठळक उदाहरण. तो १० डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे ‘डूम’च्या बरोबर २५व्या वाढदिवशी आला.

१९९७चा निर्णय कोणता?

आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’चा सोर्स कोड, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, सर्वांसाठी खुला केला. चित्रे, संगीत आणि लेव्हल मात्र कंपनीकडेच राहिल्या. १९९९ मध्ये हा कोड ‘जीपीएल’ परवान्याखाली आला. कोड बदला, विकाही. पण बदललेला कोडही खुला ठेवा, ही त्याची अट. चाहत्यांनी त्यावरून ‘जीझीडूम’सारखी इंजिने बनवली. २०२४ मध्ये विक्रीला आलेला ‘सेलाको’ त्याच इंजिनावर चालतो. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’चे (१९९६) ‘बिल्ड’ इंजिनही असेच पुढे खुले झाले आणि त्याच्या सुधारित रूपावर २०१९ मध्ये ‘आयन फ्युरी’ उभा राहिला.

कोड खुला नसेल तर?

१९९७च्या ‘ब्लड’चा कोड अधिकृतपणे कधीच खुला झाला नाही. नव्या संगणकांवर तो नीट चालावा म्हणून जाणकारांना तयार प्रोग्राम उलगडून त्याची रचना शोधावी लागली. ऑनलाइन गेमची अवस्था आणखी बिकट. २०२४ मध्ये ‘द क्रू’ या कार रेसिंग गेमचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळणेही अशक्य झाले. विकत घेतलेल्या गेमवर ग्राहकाचा हक्क किती, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला.

सुरुवात कुठून करावी?

पाया समजण्यासाठी मूळ ‘डूम’ उत्तम. तो साध्या लॅपटॉपवरही चालतो. भयपटाची आवड असेल तर ‘डस्क’, किल्ल्या आणि गुप्त खोल्या शोधण्याची हौस असेल तर ‘आयन फ्युरी’. सरावलेल्यांसाठी ‘अल्ट्राकिल’ आहे. त्यात शत्रूच्या जवळ जाऊन त्याचे रक्त अंगावर घेतले की नायकाची प्रकृती सुधारते. या सर्व गेममध्ये रक्तपात भरपूर असल्याने लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत.