खर्ज शोषणारी पेटी

पडदे, गालिचे व गाद्यागिरद्या तारस्वरांना सहज गिळतात. परंतु १०० हर्ट्झच्या खर्ज नादाची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असल्यामुळे, आणि भिंतीलगत जेथे दाब सर्वाधिक तेथेच हवेची हालचाल जवळजवळ शून्य असल्यामुळे, भिंतीला चिकटविलेला चार बोटे जाडीचा थर त्या नादापुढे हतबल ठरतो. इलाज असा की, दाबालाच कामाला जुंपावे. भिंतीवर लाकडी चौकट ठोकून तिच्यावर पातळ प्लायवूड बसविले, म्हणजे फळीचे वस्तुमान व मागे कोंडलेल्या हवेची स्थितिस्थापकता मिळून एक अनुनादक सिद्ध होतो, आणि आपल्या स्वाभाविक कंप्रतेचा नाद ओढून घेऊन तो घर्षणाने उष्णतेत जिरवितो.

या कंप्रतेचा हिशेब सुबक आहे. फळीचे दर चौरस मीटरचे किलोग्रॅममधील वजन गुणिले पोकळीची मीटरमधील खोली, या गुणाकाराच्या वर्गमुळाने ६० ला भागावे. ६ मिलिमीटर प्लायवूडचे वजन ३.६ किलो धरून पोकळी १० सेंटिमीटर ठेवली, तर उत्तर येते १०० हर्ट्झ. सुमारे सव्वाअकरा फूट लांबीच्या खोलीत साचणाऱ्या नादांपैकी हा एक, आणि डग्ग्याचे बोल तेथे एकमेकांत मिसळतात ते अशाच नादांमुळे.

खबरदारी मात्र कसोशीने घ्यावी. सांधे पूर्ण हवाबंद असावेत, कारण फट राहिली की कोंडलेली हवा निसटते व सारा हिशेब कोलमडतो. घर्षण वाढविण्यासाठी पोकळीत भरलेली खनिज-लोकर भिंतीच्या बाजूस राहावी, फळीला टेकू नये, अन्यथा कंपनच दबते. जागा निवडताना कोपऱ्यांना प्राधान्य द्यावे.