शेकरूचा माग

रानांतला चिंपांझी पाहावयाचा, तर आफ्रिकेंत जावें लागतें. तेथील वाटाडे आदल्या संध्याकाळीं त्याची झाडावरची शेज हेरून ठेवतात आणि पहाटे तेथूनच माग काढूं लागतात. घरट्यावरून प्राणी शोधण्याची हीच युक्ति खोपोलीकरांस दोन दिवसांत अनुभवतां येईल. मात्र प्राणी निराळा, शेकरूं.

खोपोलीहून रेल्वेनें कर्जत, तेथून मोटारीनें खांडस गांठावें. पुढें गणेश घाटाची पायवाट भीमाशंकरास चढते. शिडी घाट जवळचा, पण धोक्याचा. माथ्यावरचें अभयारण्य १९८५ सालीं मुख्यत्वें शेकरूसाठींच घोषित झालें.

तेथें प्रथम झाडांचे शेंडे न्याहाळावेत. काटक्यापानांचें गोल घरटें दिसेल. एकच शेकरूं अशीं अनेक घरटीं बांधतें; म्हणून एक रिकामें आढळल्यास निराश होऊं नये. खालीं कुरतडलेलीं फळें व सालीचे तुकडे शोधावेत. सकाळीं आणि उतरत्या उन्हांत तें चरतें. दुपारीं फांदीवर पसरून निजतें. त्याची कर्कश हांक कानीं पडली, कीं जागच्या जागीं स्तब्ध राहावें. गलका करूं नये, खाऊ टाकूं नये.

शेकरूं जमिनीवर क्वचितच उतरतें. वीस फुटांपर्यंत झेप घेत झाडांवरूनच हिंडतें. मधलीं झाडें तुटलीं, कीं त्याचा रस्ताच तुटला. मग वर पाहणाऱ्यास रिकामीं घरटींच दिसावयाचीं!