सांगून निघायचं

पहाटे 4.45
दादर ज्वारीच्या भाकरी टोपल्यात पडल्या, एसटी कंडक्टरचा खाकी गणवेश चढवला, की शेवटचं काम लेकीला जागं करायचं. ती चार वर्षांची आहे. "झोपलीय तोवर निघ, नाहीतर रडेल," असं गल्लीतल्या बाया सांगतात. मी तसं करत नाही. डोक्यावरून हात फिरवत सांगते, "मी धुळ्याला जातेय. दुपारी झोपून उठशील तेव्हा घरी असेन." कधी ती रडते, कधी कूस बदलून झोपते. रडली तर सासूबाई जवळ घेतात. आई कधी गायब होईल याची धास्ती घेतलेलं लेकरू खेळातही रमत नाही, पदर धरून बसतं. जाताना दोन मिनिटांचं रडू मला परवडतं.

6.00
जळगाव–धुळे. बांभोरीला गिरणेचा पूल येईपर्यंत बरीचशी तिकिटं फाडून होतात. मशीन आलं तरी आम्ही 'फाडणं'च म्हणतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. ते मी आईबापाकडे न देता मुलाच्याच हातात देते. ते पोर मग धुळ्यापर्यंत तिकीट मुठीत सांभाळतं.

पाळधीच्या पुढे दोन्हीकडे कपाशी. एका सीटवर दीड-दोन वर्षांचं बाळ मोबाइलला चिकटलेलं, समोरच्या सीटवर एक आजोबा नातवाबरोबर बैलगाड्या मोजताहेत. नातू सातावरून थेट दहावर गेला. आजोबांनी चूक काढली नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांत फार तर तासभर, त्याहून कमी तर बरंच. प्रवासात लेकरू कुरकुरतं, आईबापही थकलेले असतात, हे मी रोज बघते. म्हणून खिडकीची जागा लहानांना द्या, एवढं मात्र हक्कानं सांगते.

7.30
पारोळा. इथून अमळनेरला रस्ता फुटतो. तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. परक्यांच्या मुलांच्या खोल्या ते झाडत, आजारपणात उशाशी बसत. 'श्यामची आई' त्यांनी नंतर, 1933 साली, नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. लेकरांचं करणं बाईनंच करावं असं मानणाऱ्यांनी अमळनेरची ती सहा वर्षं आठवावीत. आमच्याकडे मुलांचे पप्पा दाळ मिलमध्ये दुपारच्या पाळीला असतात. सकाळची आंघोळ, वेणी, डबा, अंगणवाडी सगळं त्यांच्याकडे. वेणी वाकडी येते, लेकीला तीच आवडते.

8.30
धुळे. चहा, घरी फोन. सासूबाई म्हणतात, "खेळतेय गं, तू जेवून घे."

11.30
परत जळगाव. मग एरंडोलची एक फेरी, हिशेब, पैसे भरणं.

दुपारी 3.15
लेक उठून ओट्यावर बसलेली. सांगितलेल्या वेळी मी आले. उशीर होणार असेल तर फोन करून तिलाच सांगते, आजीला निरोप देऊन भागवत नाही.

5.00
मुलगा चौथीत. दप्तर भिरकावून भिंतीकडे तोंड करून बसला. मी शेजारी शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मला खो-खोत घेतलंच नाही."
"राग आला?"
"नाही. सगळ्यांसमोर नाव वगळलं."
म्हणजे राग नव्हता, लाज वाटली होती. 'त्यात काय एवढं' म्हणाले असते तर हे कळलंच नसतं. शाळेत फोन करू का, विचारलं. नको म्हणाला, पळायचा सराव करतो.

6.00
मैदान. जळगावचं ऊन मे महिन्यात 45 अंशांवर जातं, तेव्हा तर सातशिवाय बाहेर पडता येत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारा खेळ हवा, एक ते चार वर्षांच्यांना दिवसभरात मिळून तीन तासांची हालचाल. लेक मातीत लोळते. कपडे धुता येतात.

8.30
वरण-भात, मग दिवे बंद. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास लागतात. झोपण्याआधी ती विचारते, "उद्या कुठं?" पाळी पक्की ठाऊक असली तरच मला खरं सांगता येतं. म्हणून मिल असो, दवाखाना असो की दुकान, ज्यांच्या हातात पाळ्यांचा तक्ता आहे त्यांना विनंती आहे: तो आठवडाभर आधी लावा, आणि लहान लेकरं असलेल्यांची पाळी ऐनवेळी बदलू नका.