नागपूर निघून गेलं, खोली तिथंच राहिली

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मराठी बोलणारं पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. निघून गेलं ते नागपूर. राजधानी तिथून भोपाळला हलली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बाजार, दवाखाना, कॉलेज यांसाठी ज्या शहराची वाट पायाखालची, ते परराज्य झालं. तिथं किरायानं खोली पाहणारा पांढुर्ण्याचा पोरगा तेव्हापासून कागदोपत्री बाहेरचा.

खोलीचे कायदेही वेगळे झाले. दोन्हीकडे लागू असलेल्या जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या 1949 च्या घरभाडे आदेशाप्रमाणे भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी असल्याशिवाय मालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देता येत नसे. रिकाम्या घराची वर्दी सरकारला द्यायची आणि सरकारनं सांगितलं तर ते सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला भाड्यानं द्यायचं, अशीही तरतूद होती. मध्य प्रदेशानं 1961 मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यात मालकानं घर खाली करून मागायची कारणं ठरवून दिली. थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडं भरण्याची सवड भाडेकरूला ठेवली. गंमत अशी की, ज्या नागपूरनं प्रांत सोडला, तिथं प्रांताचा जुना आदेश 31 मार्च 2000 ला महाराष्ट्राचा नवा कायदा लागू होईपर्यंत टिकला!

या नव्या कायद्यानं किरायानं राहणाऱ्या पोरांना एक भक्कम आधार दिला. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी, खोट्या ठरेपर्यंत, खऱ्या मानायच्या. पण अकरा महिन्यांचा कागद मुद्रांकावर लिहून सह्या केल्या की भागलं, असं समजणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला हे सांगतो कोण? दलाल तर नाहीच.

खोली घ्यायची की अपडाऊन करायचं, हे बरंचसं रुळांवर ठरे. पांढुर्णा इटारसी-नागपूर मुख्य मार्गावर. सौंसरच्या वाट्याला छोटी लाईन, तीही 2015 च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली आणि काही वर्षं बसवरच भिस्त राहिली.

उलटी वर्दळही होतीच. सौंसरजवळ बोरगावला रेमंडचा कापड कारखाना आला, तेव्हा कामाला आलेल्यांना इकडे खोल्या लागल्या. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा आणि सौंसर तहसील मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. आता भोपाळ-जबलपूरकडून बदलीवर येणारा बाबू इथं घर शोधतो, आणि भाव ठरवताना घरमालकीण आतल्या खोलीत नवऱ्याशी मराठीत काय बोलली, ते त्याला कळत नाही.