गुणांची फाइल कोणी उघडावी?

समजा, शाळेत एकच संगणक आहे. शिक्षक आणि मुले तोच वापरतात, आणि परीक्षेच्या गुणांची फाइलही त्यावरच आहे. ती वर्गशिक्षकांनी बदलावी, इतर शिक्षकांनी फक्त वाचावी, मुलांना उघडताही येऊ नये. हे कसे साधायचे? लिनक्स या मुक्त प्रणालीची व्यवस्था शिकायला याच प्रश्नापासून सुरुवात करू या.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहिला. परवानग्यांची पद्धत मात्र १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सच्या परंपरेतली आहे. तीत प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक गट असतो. उरलेले सारे 'इतर'. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ असे अंक ठरलेले आहेत. मालक वर्गशिक्षक : ४ + २ = ६. गट शिक्षकांचा : ४. इतर : ०. म्हणून 'सीएचमॉड' या आज्ञेला ६४० हा आकडा द्यायचा. अंक ४, २, १ हेच का? कारण त्यांची कोणतीही बेरीज एकाच प्रकारे होते. ही द्विमान पद्धतीचीच करामत!

येथे एक मेख आहे. फाइल पुसण्याची परवानगी फाइलवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर अवलंबून असते. फोल्डर म्हणजे नावांची यादी. पुसणे म्हणजे यादीतून नाव काढणे. फोल्डर सर्वांना खुले असेल, तर ६४० ची फाइलही सामान्यतः कोणीही पुसू शकतो.

'रूट' या मुख्य वापरकर्त्याला मात्र यांतले काहीच अडवत नाही. एकदा मी रूट म्हणून जुन्या फाइली पुसत होतो. फोल्डर चुकले, आणि सहकाऱ्याची तीन आठवड्यांची मोजमापे गेली. दुसरी प्रत नव्हती. मी साधा वापरकर्ता असतो, तर संगणकानेच मला अडवले असते. तेव्हापासून मी रोजचे काम साध्या खात्यातून करतो आणि गरजेपुरती एखादीच आज्ञा 'सुडो' लावून देतो.

जुन्या संगणकावर 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी' अशी दोन खाती उघडा. एकाची फाइल दुसऱ्याकडून वाचून, बदलून, पुसून पाहा. नकार कोठे मिळतो आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.