मधुमेह, रक्तदाब आणि दोघांचा आठवडा

माझ्या दवाखान्यात दर महिन्याला एक जोडपे तपासणीसाठी येते. काकांना मधुमेह आहे, काकूंना उच्च रक्तदाब. एका गुरुवारी दुपारी काकूंचा घाबरून फोन आला. काकांना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि ते काहीतरी असंबद्ध बोलत होते.

चौकशी केली तेव्हा कारण कळले. काकांचा गुरुवारचा उपवास होता. सकाळी त्यांनी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, त्यावर फक्त चहा. मग बँकेचे काम आणि येताना दळण. गोळीने आपले काम केले, पण पोटात अन्न नव्हते. त्यामुळे रक्तातील साखर उतरली.

साखर उतरली तर काय करावे?

साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, खूप भूक, चिडचिड किंवा गोंधळ अशी लक्षणे दिसतात. रुग्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-पोहे असे काहीतरी खायला द्या. या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

काका वेळेत सावरले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी बसून त्यांचा आठवडा आखला.

सोमवार : सात कप्प्यांच्या डबीत दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या भराव्यात. ‘आज गोळी घेतली का?’ हा रोजचा वाद मिटतो आणि चुकून दोनदा घेतली जात नाही.

मंगळवार : काकूंचा रक्तदाब घरी मोजावा. त्याआधी अर्धा तास चहा नको. पाठ टेकून ५ मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहावे. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करू नये. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

गुरुवार : उपवास करायचा की नाही आणि त्या दिवशी गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारावे. साबुदाणा आणि बटाटा यांनी साखर झपाट्याने वाढते, हेही लक्षात ठेवावे.

शनिवार : भाजी आणायला चालतच जावे. आठवड्याला एकूण १५० मिनिटे जलद चालणे पुरते. पायात नीट बसणाऱ्या चपला हव्यात, घरी आल्यावर तळपाय पाहावेत. मधुमेहात जखम झालेली कळत नाही. काकांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.

रविवार : बागेत फेरफटका आणि दोघांत मिळून एक प्लेट भेळ. काकूंनी विचारले, “डॉक्टर, एवढे चालेल ना?” चालेल. मात्र त्या दिवशी जेवणात पापड-लोणचे नको. दिवसभराचे मीठ एका छोट्या चमच्याच्या आत बसायला हवे.

एक चूक टाळा

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नका. त्यांपैकी अनेकांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. तसेच एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये, आजार सारखा वाटला तरी.

काका अजूनही गुरुवार पाळतात, पण आता सकाळी दूध आणि फळे घेऊन आणि कमी केलेल्या गोळीवर. साखरेची पुडी खिशात आहे की नाही, हे काकू दारातच तपासतात. तुमच्या घरीही अशी एक पुडी आजच बांधून ठेवा आणि ती कशासाठी आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा.