मोटारसायकलचा चिमटा आणि तिचा तोल

नागपूरच्या वर्धा मार्गासारख्या रुंद आणि सपाट रस्त्यावर एखादे वेळीं अशी मोटारसायकल नजरेस पडते कीं, तिचें मागचें चाक बैठकीपासून बरेंच दूर गेलेलें असतें आणि सारी गाडी जमिनीलगत लांबलचक पसरलेली दिसते. तरुण मंडळी थबकून तिच्याकडे पाहतात, आणि मग घरांत मागणी निघते कीं, आपल्याही गाडीचा मागचा चिमटा लांबवून घ्यावा. गाडी वेगांत स्थिर राहील, पुढचें चाक उचलणार नाहीं, असें कारणही सांगण्यांत येतें. हें कारण खोटें नाहीं, आणि म्हणूनच वडील मंडळींना त्यावर उत्तर देणें कठीण जातें. चिमटा लांबविल्यानें गाडीचा एक गुण खरोखर वाढतो. परंतु त्या एका गुणासाठीं दुसरे कोणते गुण खर्ची पडतात, ह्याचा हिशेब पैसे देण्यापूर्वीं मांडून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम चिमटा म्हणजे काय तें पाहूं. मोटारसायकलचें मागचें चाक सांगाड्याला थेट जोडलेलें नसतें. सांगाड्याला एक आडवा खिळा असतो. त्याभोंवतीं वरखालीं झुलणारा एक दुहेरी दांडा असतो आणि त्याच्या मागच्या टोकाला चाकाचा आंस बसविलेला असतो. ह्या दांड्याला इंग्रजींत स्विंग आर्म आणि आपल्याकडील कारागिरांच्या बोलींत चिमटा म्हणतात. पूर्वींच्या बहुतेक मोटारसायकलींचें मागचें चाक सांगाड्यांत पक्कें आवळलेलें असे, आणि रस्त्यावरचा प्रत्येक धक्का स्वाराच्या कण्यापर्यंत पोंचत असे. १९४९ सालीं विक्रीस आलेल्या रॉयल एनफील्डच्या ३५० सी.सी. बुलेटला झुलता चिमटा होता. १९५५ पासून हीच बुलेट मद्रासेस तयार होऊं लागली. १९५० सालीं नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांनीं झुलत्या चिमट्याची योग्यता युरोपांत सिद्ध केली, आणि पुढें हीच रचना सर्वत्र रूढ झाली.

आतां हा चिमटा लांबविण्याची कल्पना कोठून आली? तिचें मूळ सरळ रेषेंतील शर्यतींत आहे. पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, एवढें अंतर उभ्या जागेवरून निघून कमींत कमी वेळांत कापावयाचें, असा ह्या शर्यतीचा नियम. महाराष्ट्रांतही लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरल्या आहेत. तेथें वळण नसतें, खड्डा नसतो, समोरून येणारी बस नसते. तेथें स्वाराची अडचण एकच असते: एंजिनानें एकदम जोर लावला कीं पुढचें चाक हवेंत उचलतें आणि जोर आंवरता घ्यावा लागतो.

पुढचें चाक कां उचलतें, हें विदर्भांतील कोणत्याही शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. बैलगाडींत ओझें चाकाच्या मागें फार गेलें कीं गाडी उलाळ होते आणि जूं वर उचलतें. ओझें पुढें आणलें कीं ती धुरजड होते. मोटारसायकलचें ओझें जागच्या जागीं ठेवून तिचें मागचें चाकच आणखी मागें नेलें, तर परिणाम तोच. गाडी धुरजड होते आणि पुढचें चाक सहजासहजीं उचलत नाहीं.

हिशेबासाठीं एक गाडी कल्पूं. तिच्या दोन आंसांमधील अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, १३५० मिलिमीटर आहे. स्वारासह सर्व वजनाचा गुरुत्वमध्य दोन्ही चाकांच्या बरोबर मध्यें आणि जमिनीपासून ६५० मिलिमीटर उंच आहे. पुढचें चाक उचलूं लागण्याची मर्यादा ठरविण्याचा नियम सोपा आहे. गुरुत्वमध्यापासून मागच्या आंसापर्यंतच्या आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. येथें ६७५ ला ६५० नें भागून १.०४ येतात. म्हणजे गाडीची वेगवृद्धि गुरुत्वाकर्षणाच्या १.०४ पट झाली कीं पुढचें चाक जमीन सोडील. चिमटा १५० मिलिमीटर लांबविला तर ६७५ चे ८२५ होतात आणि ही मर्यादा १.२७ पटींवर जाते. शर्यतींतील स्वारास ह्याचें मोल फार आहे. परंतु १५० किंवा १८० सी.सी. ची घरगुती गाडी साधारणपणें चालविली असतां एवढी वेगवृद्धि करूंच शकत नाहीं. जें संकट येत नाहीं, त्यावरचा हा उपाय ठरतो.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, लांब गाडी ब्रेक दाबतांनाही अधिक सुरक्षित असते. ही समजूत ह्या प्रकारच्या लांबीस लागू पडत नाहीं. जोरानें ब्रेक दाबला असतां मागचें चाक केव्हां उचलेल, हें गुरुत्वमध्यापासून पुढच्या चाकापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असतें, आणि चिमटा लांबविल्यानें तें अंतर बदलत नाहीं. उलट मागच्या चाकावरील भार कमी होतो. आपल्या कल्पित गाडींत तो निम्म्यावरून शेंकडा ४५ वर येतो. मागच्या ब्रेकची पकड चाकावरील भारावर अवलंबून असल्यामुळें तीही त्या मानानें घटते.

हाच घटलेला भार पावसाळ्यांत अधिक जाणवतो. नागपुरांतील अनेक मोठे रस्ते आतां सिमेंटचे आहेत. पहिल्या सरींत धूळ व तेल मिसळलें कीं असे रस्ते निसरडे होतात. अशा वेळीं टायरची पकड निम्मी धरली, तर मूळ गाडी मागचें चाक न घसरतां गुरुत्वाकर्षणाच्या ०.३३ पट वेगवृद्धि करूं शकते. लांबविलेली गाडी ०.२९ पटच करूं शकते. चौकांतून निघतांना किंवा वळणावर गति घेतांना चाक घसरण्याचा संभव तेवढा वाढला. कोरड्या धावपट्टीवर जो लाभ, तोच ओल्या रस्त्यावर तोटा होतो.

वळण्याचा प्रश्न ह्याहून उघड आहे. हँडल तेवढेंच वळविलें तर दोन आंसांमधील अंतर जितकें अधिक, तितकें वळणाचें वर्तुळ मोठें. १३५० चे १५०० झाले कीं वर्तुळ सुमारें शेंकडा ११ नें वाढतें. अडीच मीटर त्रिज्येंत वळणाऱ्या गाडीस पावणेतीन मीटरांहून थोडें अधिक लागतें. इतवारी किंवा महाल भागांतील गल्ल्यांत एवढ्यानेंही गाडी मागें घेऊन पुन्हां वळवावी लागेल. वेगांत हा दोष आळसाच्या रूपानें दिसतो. स्वारानें इशारा केला तरी गाडी दिशा बदलावयास उशीर लावते. सरळ रस्त्यावर ज्याला स्थिरपणा म्हणून वाखाणलें, तोच गुण चिखलदऱ्याच्या घाटांत किंवा अचानक आडवें आलेलें जनावर चुकवितांना जडपणा ठरतो.

येथवर केवळ भूमितीचा विचार झाला. चिमटा ही एक तरफ आहे, आणि खरी हानि ह्या तरफेच्या बाजूनें होते. शॉकॲब्सॉर्बर चिमट्याला एका ठराविक जागीं जोडलेला असतो. मूळ चिमटा खिळ्यापासून आंसापर्यंत ५०० मिलिमीटर होता, तो ६५० झाला आणि शॉकॲब्सॉर्बरची जागा तीच राहिली, तर चाकाला त्यावर १.३ पट अधिक तरफ मिळते. चाकावरील भार थोडा कमी झाला हें धरूनही स्प्रिंगवरील दाब सुमारें शेंकडा १७ नें वाढतो. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, चाकाच्या ठिकाणीं जाणवणारा स्प्रिंगचा ताठरपणा १.३ च्या वर्गाच्या प्रमाणांत घटून मूळच्या शेंकडा ५९ वर येतो. गाडी मागून बसते. मागें दुसरा माणूस बसला कीं आणखी बसते. मागचा भाग खालीं गेला कीं पुढच्या फोर्कचा उतार वाढतो आणि हँडल अधिकच सुस्त होतें. खड्ड्यांतून गेल्यावर गाडी बराच वेळ हेलकावे खात राहते.

लोखंडाचाही विचार केला पाहिजे. एका टोकास धरलेला दांडा दुसऱ्या टोकास ढकलला असतां जितका वांकतो, तें वांकणें लांबीच्या घनाप्रमाणें वाढतें. १.३ चा घन २.२ होतो. म्हणजे तोच दांडा वेल्डिंग करून लांबविला, तर वळणावर चाकाला बसणाऱ्या त्याच आडव्या जोरानें तो दुपटीहून अधिक वांकेल. मागचें चाक पुढच्याच्या रेषेंत न राहतां डुलूं लागतें, आणि स्वारास वाटतें कीं गाडी शेपूट हलवीत आहे. ज्या ठिकाणीं जोड दिला त्या ठिकाणीं वेल्डिंगच्या उष्णतेनें धातूचे गुण बदललेले असतात. आणि नेमक्या त्याच जागीं प्रत्येक खड्ड्याचा ताण येतो. असा जोड बहुधा पूर्वसूचना देऊन तुटत नाहीं.

लहान वाटणाऱ्या गोष्टीही लहान नाहींत. १५० मिलिमीटरांसाठीं साखळी दोन्ही अंगांनीं मिळून ३०० मिलिमीटर वाढवावी लागते. अर्ध्या इंचाच्या कड्या असल्या तर २४ कड्या. लांब साखळी अधिक फडफडते. मागच्या ब्रेकची नळी किंवा सळई लांबवावी लागते. आणि ज्या घरांत स्त्रिया मागें बसतात, त्या घरानें साडीगार्डाकडे अवश्य पाहावें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२३ प्रमाणें मागें बसणाऱ्यासाठीं हातास आधार, पाय ठेवण्याची सोय आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें संरक्षण असलें पाहिजे. चाक मागें सरकलें आणि गार्ड जागींच राहिलें, तर पदर किंवा ओढणी आणि फिरते आरे यांच्यामध्यें काय उरलें?

मग लांब चिमटा नेहमींच वाईट काय? तसें मुळींच नाहीं. १९९८ च्या यामाहा आर-१ गाडींत गिअरपेटीचे दंड एकावर एक रचून एंजिन आंखूड केलें, आणि वांचलेली जागा चिमट्यास दिली. चिमटा लांब झाला तरी व्हीलबेस १३९५ मिलिमीटरच राहिला. भारतांत २०११ सालीं आलेल्या सुधारित आर-१५ गाडीचा व्हीलबेस १२९० वरून १३४५ झाला, पण त्याबरोबर चिमटाच नवा, ॲल्युमिनियमचा, आला. पुण्याच्या बजाज ऑटोनें २००९ सालीं पल्सर १८० चा व्हीलबेस १३२० वरून १३४५ केला; वाढ अवघी २५ मिलिमीटर, आणि तिच्या जोडीला पुढचा फोर्क जाड व मागचें टायर रुंद करण्यांत आलें. कारखान्यांत लांबी कधीं एकटी वाढत नाहीं. तिच्याबरोबर बाकीचें गणितही नव्यानें मांडलें जातें. वेल्डिंगच्या दुकानांत लांबी तेवढी वाढते, आणि गणित जुनेंच राहतें.

कायद्याची दृष्टिही हीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपुस्तकांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आणि व्हीलबेस हा नोंदणींतील तपशिलांपैकीं एक आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व उचलून धरलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

ज्याला सरळ शर्यतीची हौस आहे, त्यानें धावपट्टीसाठीं निराळी गाडी ठेवावी आणि तिचा चिमटा मुळांतूनच लांब घडवून घ्यावा. ज्याला रस्त्यावर स्थिर गाडी हवी आहे, त्यानें चिमट्याच्या खिळ्यावरील बुश झिजले आहेत काय, मागचें चाक पुढच्याच्या रेषेंत आहे काय, साखळीचा ताण बरोबर आहे काय आणि टायरांत हवा योग्य आहे काय, एवढें दर महिन्यास पाहावें. डुलणाऱ्या गाड्यांपैकीं पुष्कळशा गाड्या एवढ्या देखभालीनेंच सरळ चालूं लागतात, आणि त्यासाठीं सांगाड्यावर करवत चालवावी लागत नाहीं.